निळा ठिपका, मोरपंखी ठिपका

१

डबा बिस्किटांचा होता. गुहेच्या व्यवस्थापकांनी तो दोन्ही हातांनी धरून आणला आणि कामाच्या टेबलावर, दाबात घातलेल्या पुस्तकांशेजारी हळूच टेकवला. झोपलेलं मूल अंथरुणावर ठेवावं तसा.

"ताई, हे तुमच्याकडेच असलेलं बरं," ते म्हणाले. "त्यांचीच वस्तू."

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. भाऊ थोरला, ती धाकटी, एवढंच. ती जुनी पुस्तकं उसवून नव्यानं बांधून देई. तिच्या खोलीत खळीचा आणि जुन्या कागदाचा वास असे, आणि वडील गेल्यापासून त्या वासात आणखी काहीतरी मिसळलं होतं, ज्याला तिला नाव देता येत नव्हतं. तिनं झाकण उघडलं.

आत टॉर्च होती, म्हणजे तिचं जे उरलं होतं ते. मुठीत मावेल एवढीशी वस्तू, पण पेटली की गुहेच्या छतावरची वटवाघळं मिशांसकट दिसायची. आता तिची नळी शेंगेसारखी उकलली होती. मागचं झाकण नव्हतंच. आतला एक सेल काळवंडलेला पण साबूत होता, दुसऱ्याचं नुसतं टरफल. त्याच्या तळाचा पत्रा सुटून वेगळा पडला होता, आणि सगळ्यांच्या खाली ते चामडी म्यान होतं, जे तिनं स्वतःच्या हातांनी शिवून बाबांना दिलं होतं.

"सोमवारी विश्वस्तांची बैठक आहे," व्यवस्थापक म्हणाले. "काय झालं ते मला सांगावं लागणार. हे बघा, सेलच्या तळाला ठिपका असतो. साबूत सेलवर हिरवट, मोरपंखी आहे. फुटलेल्याचा पत्रा उडून तळ्यात पडला म्हणून त्याचा रंग वाचला, तो निळा. दोन वेगळ्या जोड्यांमधले सेल एका टॉर्चमध्ये, म्हणून ती हातात फुटली. म्होरक्यांनी सकाळी चार्जिंगच्या रॅकवरून चुकीचे उचलले."

गुहेतली माणसं बाबांना म्होरके म्हणत. पर्यटकांच्या पुढं चालण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"बाबांनी?" ती म्हणाली. "जोडी मोडायची नाही हा नियमच बाबांचा."

"तेच तर." त्यांनी आवाज खाली आणला. "वय झालं होतं, ताई. विसरायला लागले होते. तुम्हीच नाही का फोनवर म्हणालात, चष्मा फ्रीजमध्ये ठेवतात म्हणून?"

म्हणाली होती. हसत म्हणाली होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बाबा रजेवर होते तेव्हा एकदा तो फ्रीजमध्ये सापडला होता, एकदा चपलांच्या कपाटात. एका दुपारी तर त्यांनी तिला आईच्या नावानं हाक मारली होती. आईला जाऊन कित्येक वर्षं झाली होती. धाकटी घाबरली. डॉक्टरांकडे न्यायला हवं असं मनात आलं, आणि ते मनातच राहिलं. रजा संपली, बाबा कामावर गेले, आणि त्याच पहिल्या दिवशी गेले ते गेलेच.

व्यवस्थापक पायऱ्या उतरून गेले तरी ती तशीच बसून राहिली. बाबांचा हात चुकला असेल, तर तो चुकणार हे तिला आधीपासून दिसत होतं, आणि तरी तिनं त्यांना जाऊ दिलं होतं. सगळा प्रश्न एवढाच होता. विश्वस्तांना काय कळतं आणि काय नाही, ते नंतरचं.

तिनं म्यान उचललं. सवयीनं बोट आत घालून अस्तर चाचपलं. मऊ, सलग, एक ओरखडा नाही.

मग तिची नजर फुटलेल्या टॉर्चकडे गेली. नळीच्या कडेला, उष्णतेनं वाकडी झालेली, एक पोलादी क्लिप होती. खिशाला अडकवायची.

बाबांच्या टॉर्चला क्लिप नव्हती. म्यानाचं अस्तर खरवडतं म्हणून त्यांनी ती काढून टाकली होती. धाकटीला हे पक्कं ठाऊक होतं, कारण ती क्लिप या क्षणी तिच्या समोरच, दुरुस्तीला आलेल्या एका शब्दकोशाची सुटी पानं धरून बसली होती.

ही टॉर्च या म्यानात कधी गेलीच नव्हती.

२

संध्याकाळी दादा आला. बाबांच्या खुर्चीत बसायला गेला, थबकला, आणि स्टुलावर बसला.

तिनं त्याला म्यान दाखवलं, क्लिप दाखवली. त्यानं ऐकलं, पण त्याचं लक्ष नव्हतं. जेवायला वाढलं तर पानातल्या पानात बोट फिरवत राहिला.

"बोलून टाक, दादा."

"काय बोलू?"

"लहानपणी फुलदाणी फोडलीस तेव्हा हेच तोंड होतं तुझं."

त्यानं ताट बाजूला सारलं. "मी त्यांना सेल पाठवले होते," शेवटी म्हणाला. "वाढदिवसाला. ऑनलाइन. वेष्टनावर लिहिलं होतं, नेहमीच्या सेलपेक्षा तिप्पट चालतो. आणि स्वस्त. म्हटलं बाबा खूश होतील. आता लोक म्हणतात, असले सेलच फुटतात. धाकटे, मीच मारलं त्यांना."

ती उठली. गच्चीच्या कोपऱ्यात बाबांची वाळूची बादली होती. बिघडलेले, फुगलेले, पडून चेमटलेले सेल बाबा त्या बादलीत ठेवत, दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून, म्हणजे एकाचं टोक दुसऱ्याला लागायला नको. पुरेसे जमले की ते घेणाऱ्या केंद्रावर स्वतः नेऊन देत. कचऱ्यात कधी टाकत नसत. तिनं वाळूत हात घातला. वाळू गार होती. बोटांना एकेक सेल लागत गेला, नदीच्या तळाशी दगड लागावेत तसा, आणि मग एक भडक जांभळं वेष्टन वर आलं. त्यामागून दुसरं.

"हेच?"

दादानं मान हलवली.

दोन्ही सेल कोरे होते. टोकांना पट्टी, नीट कात्रीनं कापलेली. तिनं आतून कागद तोलायचा काटा आणला. एका पारड्यात जांभळा सेल, दुसऱ्यात बाबांच्या कपाटातला साधा. जांभळा वर गेला, लाजल्यासारखा.

"आत निम्मी जागा रिकामी आहे," ती म्हणाली. "तिप्पट काय, निमपट पण नाही. बाबांनी हातात घेताक्षणी ओळखलं असणार."

"पण ते तर म्हणाले, झकास आहेत."

"तुझा तो पिवळा स्वेटर पण झकास म्हणाले होते. घातलेला पाहिलास कधी?"

दादा हसला. हसता हसता त्याचा चेहरा मोडला, आणि त्यानं तो दोन्ही हातांत धरला. ती त्याच्या शेजारी उभी राहिली. खिडकीत बाबांचा चार्जर होता. दूध तापायला ठेवून माणूस चुलीपाशी बसतो तसे बाबा चार्जरपाशी बसत, पुस्तक घेऊन. सेल भरत असताना घराबाहेर पडत नसत. रजेच्या शेवटच्या दिवशी त्यांनी स्वतःची जोडी इथंच भरली होती, आणि दोन्ही ठिपके तिनं पाहिले होते. दोन्ही लाल.

तर मग फुटलेली टॉर्च बाबांची नाही, आतले सेलही बाबांचे नाहीत. मग ती त्यांच्या हातात आली कशी? आणि त्यांची टॉर्च आहे कुठं?

३

अपघातानंतर बंद ठेवलेली गुहा दुसऱ्या दिवशी सकाळी उघडणार होती. धाकटी लवकर गेली. फाटकापासून गुहेच्या तोंडापर्यंतची वाट झाडांखालून जाई, आणि झाडांतून येणारा उजेड असा हलत होता की आपण चालतोय की वाटच सरकतेय ते कळू नये.

गाईडांच्या खोलीत ती लहानपणापासून येत असे. मोठी खिडकी, खिडकीखाली चार्जिंगचा रॅक, आणि रॅकपाशी दिवाबत्तीच्या मावशी. आज खिडकीखाली कॉफीचं मशीन होतं. चकचकीत, वाफ सोडणारं.

"रॅक कुठं गेला?"

"म्होरके रजेवर होते ना, तेव्हा हलवला साहेबांनी," एक गाईड म्हणाला. त्याला सगळे ताड म्हणत. दारातून येताना तो रोज वाकायचा आणि तरी आठवड्यातून एकदा त्याला चौकट लागायचीच. "आत, गुहेच्या वळणावर. कोनाड्यात."

बोलताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. त्याच्या गळ्यात दोरीला टॉर्च होती, सदऱ्याच्या आत सोडलेली. सदऱ्याच्या खिशाची कड एका जागी झिजून पांढरी पडली होती. धाकटीला कापडाची झीज वाचायची सवय होती. वर्षानुवर्षं क्लिप अडकवली की अशी झीज होते. मग आजच ही गळ्यात का?

तिनं ते मनात ठेवलं आणि कोनाड्याकडे गेली.

गुहेत पांढरे दिवे लावले की दगडावर हिरवं शेवाळ चढतं. म्हणून बाबांनीच साऱ्यांशी भांडून आत जर्द पिवळे दिवे लावून घेतले होते, एकाच रंगाचे. त्या उजेडात सगळं जुन्या छायाचित्रासारखं दिसे. माणसं, दगड, पाणी, सगळं मधात बुडवून काढलेलं. कोनाड्यात तसाच एक दिवा होता आणि त्याखाली मावशी बसल्या होत्या, मांडीवर फडकं, समोर सेल.

"ये पोरी." त्यांनी तिचा हात धरला आणि काही वेळ सोडला नाही. "इथं ओल आहे बघ. गुडघे गेले माझे. साहेबांना म्हटलं, तर म्हणाले, कॉफी प्यायला या ना वर."

"मावशी, बाबांनी त्या दिवशी तुमच्याकडून सेल घेतले?"

"कुठले घेतायत. उशीर झाला होता, आले तसे पहिल्या तुकडीबरोबर आत गेले. जाताना लांबून म्हणाले, संध्याकाळी बसतो तुमच्यापाशी, सगळं बघून घेतो. रॅक कुठं गेला ते बघायचं सुद्धा राहून गेलं बाई."

म्हणजे व्यवस्थापकांचं म्हणणं तिथंच संपलं. जो रॅकपाशी गेलाच नाही, तो रॅकवरून चुकीचं काय उचलणार?

"जोड्या कोण लावतं?"

"मीच. आणि ऐक, माझ्या हातून जोडी मोडली नाही कधी. तुझ्या आईच्या नेलपॉलिशनी ठिपके दिलेत म्होरक्यांनी. एका रंगाचे दोन, ते एकत्र. एकत्र भरायचे, एकत्र वापरायचे. एक म्हातारा झाला की दुसऱ्यालाही घरी बसवायचं. नवऱ्याचं दुसरं लग्न लावायचं नाही, असं म्हणायचे." मावशी हसल्या. "मी म्हणायची, म्होरके, हे तुम्ही सेलबद्दल बोलताय ना?"

धाकटीही हसली. तो नियम तिला पाठ होता. काही सेलांच्या बुडाला एक संरक्षक चकती असते. सेल पार रिकामा व्हायला आला की ती वीज तोडते. पण चकतीमुळे सेल किंचित लांब होतो आणि या आखूड टॉर्चमध्ये मावत नाही. तेव्हा चकतीचं काम माणसांनी करायचं. एका टॉर्चमध्ये एक भरलेला आणि एक थकलेला सेल गेला, तर भरलेला थकलेल्याला ओढत राहतो, रिकामा झाला तरी ओढतो, शेवटी उलटा चालवतो. थकलेला तापतो, आत वायू धरतो. आणि टॉर्च पाण्यासाठी अशी बंद केलेली की वायूला बाहेर पडायला वाट नाही. बाबा म्हणत, अशी टॉर्च म्हणजे मुठीतला फटाका, फक्त वात कुठं आहे ते दिसत नाही.

"मावशी, निळी जोडी दाखवता?"

"ती तर गेली ना वापरात. ही घे, जुनी निळी आहे, आणि ही जुनी मोरपंखी. घरी बसवलेल्या."

मावशींनी तिच्या तळहातावर सेल ठेवले, तळ वर करून. धाकटीनं पाहिलं.

तळहातावर सगळे ठिपके सारखे होते. काळसर. शाईच्या थेंबांसारखे.

४

ती सेल घेऊन बाहेर आली. वळण ओलांडलं, तोंडाशी आली, आणि खऱ्या सकाळीत तळहात उघडला. ठिपके जागे झाल्यासारखे झाले. दोन गर्द निळे, दोन मोरपंखी. पुन्हा आत गेली, आणि ते पुन्हा झोपले.

आईला लोकांसारखे रंग आवडत नसत. बायका लाल लावत तेव्हा ती निळा लावी, मोरपंखी लावी. तिच्या मागे उरलेल्या बाटल्या बाबांनी टाकल्या नव्हत्या. खिडकीच्या उजेडात त्या रंगांत घोटाळा होणं शक्यच नव्हतं. पण पिवळ्या दिव्यात निळं असतं ते काळं होतं, आणि मोरपंखी असतं तेही काळं होतं.

मावशी तिच्या मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं, उजेडाकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"अगं बाई," त्या इतकंच म्हणाल्या.

"तुमचा हात नाही चुकला, मावशी. तुम्हाला जे दिसलं ते तुम्ही बरोबरच लावलंत."

हे म्हणता म्हणता तिनं पुन्हा तळहाताकडे पाहिलं. फुटलेल्या टॉर्चमध्ये एक निळा होता आणि एक मोरपंखी. मग दुसरा निळा आणि दुसरा मोरपंखी कुठं गेले? दोन जोड्यांतून एकेक उचलला की उरलेले दोघंही एकमेकांच्या गळ्यात पडतात. जोडी एकटी मोडत नाही. एक मोडली की दुसरी मोडतेच.

"मावशी, वापरातले सगळे सेल वाटलेत?"

"गुहा उघडायची म्हणून काल पुन्हा भरून ठेवले. ताडाकडे त्याची आहेच, त्यानं नाही घेतले. आजची एकच टॉर्च दिली."

"कुणाला?"

"गोटीला. पहिली तुकडी घेऊन तो आत गेला ना आत्ताच, लहान मुलांची."

ताड खोलीच्या दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्याचा हात गळ्यातल्या दोरीवर होता.

"चला," तो म्हणाला, आणि वाकायला विसरला. चौकट त्याच्या कपाळावर बसली, पण तो थांबला नाही.

५

खाली जाणारी वाट ओली होती. पाणी कुठूनसं ठिबकत होतं, आणि प्रत्येक थेंबाचा आवाज आधी दुरून येई, मग जवळून, मग आपल्याच आतून. दिवे जसे मागं पडत गेले तशी ताडाची टॉर्च पुढं वाट उजळत गेली. दगड पडद्यांसारखे लोंबत होते. धाकटीला वाटलं, आपण झोपेत चालतो आहोत, आणि पुढं एक उंच माणूस बाबांचा उजेड हातात घेऊन चालला आहे.

"ही बाबांची टॉर्च आहे," ती म्हणाली. विचारलं नाही.

"हो."

त्यानं उजेड पुढच्या वळणावर टाकला.

"शेवटची तुकडी वर निघाली होती," ताड म्हणाला. तो मागं वळला नाही. त्यामुळं त्याला बोलणं सोपं जात असावं. "जिन्यात गर्दी होती. मी आणि म्होरके मागं राहून बघत होतो, कोणी राहिलंय का. माझी टॉर्च मंद व्हायला लागली. मग हाताला पोळायला लागली. गोडसर वास आला. मी म्हटलं, म्होरके, हे काय होतंय बघा. त्यांनी विचारलं सुद्धा नाही काही. माझ्या हातातून ती घेतली, त्यांची काढून मला दिली. म्हणाले, तू वर जा, लोकांना थांबू देऊ नकोस, बोलत राहा. आणि ते खाली तळ्याकडे गेले. वर लोक होते ना. खाली कुणी नव्हतं."

"उजेड?"

"माझ्या टॉर्चमध्ये काय उरलं होतं. अंधारातच गेले. म्हणाले, ही वाट मला पायांनी पाठ आहे." तो थांबला. "मग आवाज झाला. मी गेलो तेव्हा ते तळ्याच्या कडेला पडलेले होते. डोक्याला लागलं होतं. वर येऊन बोललो तेव्हा साहेब म्हणाले, त्यांची टॉर्च फुटली. मी हो म्हटलं. मला वाटलं, सकाळी सेल मीच घातले, म्हणजे माझ्याच हातून झालं. हो म्हणून गेलो, आणि मग ते परत घेता येईना."

धाकटीनं पावलं भरभर उचलली. वाट वळली, आणि पुढं मुलांचा आवाज आला.

मोठ्या दालनात गोटी छताकडे टॉर्च रोखून मुलांना हत्ती दाखवत होता. दगडाचा हत्ती. बुटका, गोल, घामेजलेला गोटी, आणि त्याच्याभोवती वर माना केलेली मुलं.

"सोंड दिसली का? तुमच्या मास्तरांपेक्षा लांब आहे की नाही?"

"गोटी," ताड हळू आवाजात म्हणाला, "टॉर्च बंद कर."

"का रे? हत्ती झोपलाय का?"

"तापली आहे का हाताला?" धाकटीनं विचारलं.

गोटीनं मुठीकडे पाहिलं. "कोमट आहे. आणि आज लवकर मंद होतेय खरी."

"बंद करा. मागचं झाकण थोडं सैल करा, एक वळसाच, उघडू नका. आणि मला द्या."

गोटीच्या चेहऱ्यावरचा विनोद मावळला. त्यानं बटण दाबलं, झाकण फिरवलं. दालनभर अंधार झाला. मुलं एकदम गप्प झाली. मग ताडानं बाबांची टॉर्च वर धरली, आणि दगडाचा हत्ती पुन्हा हळूहळू अंधारातून बाहेर आला, सोंडेपासून.

"बघा," ताड मुलांना म्हणाला, "उठला. आता त्याला टाटा करा, आणि दोघंदोघं हात धरून वर."

वाटेच्या कडेला आगीसाठी वाळूची कुंडी होती. मुलं वर जाईपर्यंत धाकटीनं गोटीची टॉर्च त्या वाळूत ठेवली आणि लांब उभी राहिली. कोमटपणा कमी होत गेला. पार गार झाल्यावर बाहेर सूर्यात नेऊन, मावशींच्या समोर, तिनं झाकण काढलं. दोन सेल घरंगळत फडक्यावर आले. एक निळा. एक मोरपंखी.

६

व्यवस्थापकांनी सगळं उभ्यानं ऐकलं. मग बसले. कॉफीचं मशीन त्यांच्या मागं सुस्कारे टाकत होतं.

"त्यांनी मला सांगितलं होतं," ते म्हणाले. "रजेवर जाताना. रॅक खिडकीपासून हलवू नका. मला वाटलं, म्हातारपणीचा हट्ट."

"कारण विचारलं नाहीत?"

"नाही." त्यांनी कपाळ पुसलं. "सोमवारी मी हे असंच सांगेन. रॅक मी हलवला हेही सांगेन."

धाकटीनं मान हलवली. तिला त्यांच्यावर रागवायचं होतं, पण राग येईपर्यंत ती थकून गेली होती. मावशी आधीच गोटीला घेऊन मशीन भिंतीपासून ओढत होत्या. "साहेबांना म्हणावं कॉफी कोनाड्यात या प्यायला. गुडघ्यांना बरी असते ओल."

ताड बाहेर ओट्यावर बसला होता. कपाळावर टेंगूळ आलं होतं. त्यानं गळ्यातली दोरी काढून टॉर्च तिच्यापुढं धरली.

"ही तुमची."

ती शेजारी बसली. "त्या दिवशी बाबा आणखी काही बोलले? आधी, दिवसभरात?"

"बोलत होते की. खूश होते. डोळे उघडल्यासारखं वाटतंय म्हणाले. चष्मा लागतच नाही, सवयीनं डोळ्यांवर चढवतो आणि काढून कुठंतरी ठेवून देतो, मुलगी बिचारी शोधत फिरते." ताड जरासा हसला. "आणि एक म्हणाले. इतकी वर्षं धुक्यातून बघत होतो, आता मुलीचा चेहरा नीट दिसला. हुबेहूब आई. मी बघतच राहिलो, आणि तोंडातून तिचंच नाव गेलं. पोरगी घाबरली. सावकाश सांगेन तिला, म्हणाले."

झाडांतून उजेड हलत होता. कुणीतरी फाटक उघडलं, कुणीतरी मुलं मोजत होतं.

धाकटीनं टॉर्चचं झाकण फिरवून काढलं आणि सेल तळहातावर घेतले. दोन्ही लाल. आईकडे लाल रंगाची एकच बाटली होती, लग्नातली. बाबांनी ती दुसऱ्या कुठल्याच जोडीला लावली नव्हती.

"तुमच्याजवळ राहू दे ही," ती शेवटी म्हणाली. "पण खिशाला लावा. क्लिप मी आणून देते, माझ्याकडे आहे."

मग ती आत गेली, मावशींच्या शेजारी बसली. रॅक पुन्हा खिडकीत आला होता. तिनं पिशवीतून पुस्तकं शिवायचा मेणाचा दोरा काढला.

"रंग राहू देत मावशी, आईचे आहेत. पण टॉर्चवर आणि चार्जिंगच्या खणावर आता गाठी बांधू या. निळ्याला एक, मोरपंखीला दोन, असं. आणि रंग बघायचे ते इथंच, खिडकीत. आतमध्ये बोटानं कळलं पाहिजे."

"बोटानं?"

"अंधारात," धाकटी म्हणाली. "बाबांसारखं."

मावशींनी डोळे मिटले आणि हात पुढं केला. धाकटीनं पहिली गाठ बांधली, आणि त्यांचं बोट त्या गाठीवर ठेवलं.